लोरेना बारोस: फिलिपिन्सच्या कम्युनिस्ट चळवळीतली एक बाई आणि तिचा अर्धवट राहिलेला प्रश्न

१९ जुलै १९६९ रोजी अमेरिकेतल्या मायामी बीचला ग्लोरिया डियाझ ही अठरा वर्षांची फिलिपिनो मुलगी विश्वसुंदरी झाली. दुसऱ्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला. फिलिपिन्सच्या वाट्याला हा मुकुट पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे देशाला तिचा केवढा अभिमान वाटला असेल ते वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेच्या दारात कॉलेजच्या मुली फलक घेऊन उभ्या राहिल्या. बाईची किंमत कपड्यांवरून आणि मापांवरून ठरवणे म्हणजे तिला बाजारातला माल करणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या संघटनेचे नाव मकिबाका आणि अध्यक्ष होती मारिया लोरेना बारोस. वय बावीस, मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी, कविता लिहिणारी. त्यानंतर सहा वर्षांच्या आत ती लष्कराच्या गोळीने मेली. तेव्हा ती भूमिगत कम्युनिस्ट पक्षाच्या गनिमी सैन्यात होती आणि सरकारने तिच्यावर ३५,००० पेसोंचे इनाम लावलेले होते.

सौंदर्यस्पर्धेच्या दारापासून जंगलातल्या झोपडीपर्यंतचा हा प्रवास समजून घ्यायचा तर तिच्या देशाची जमीन, तिच्या आधीची पिढी आणि हुकूमशहा मार्कोसची राजवट या तिन्हींबद्दल थोडे माहीत असावे लागते.

कुळांचा देश

फिलिपिन्सवर सुमारे सव्वातीनशे वर्षे स्पेनचे राज्य होते, नंतर जवळपास पन्नास वर्षे अमेरिकेचे. स्पॅनिश काळात मोठमोठ्या जमिनी चर्चच्या आणि थोड्या घराण्यांच्या हाती गेल्या. अमेरिकनांनी शाळा, निवडणुका आणि इंग्रजी आणली, पण जमीनदारांना फारसा हात लावला नाही. उत्तरेकडच्या लुझोन बेटाच्या मध्यभागी पांपांगा, नुएवा एसिहा, तार्लाक हे भाताचे आणि उसाचे प्रांत आहेत. तिथला बहुतेक शेतकरी म्हणजे कूळ. पीक अर्धेलीने वाटायचे, पण खर्च वजा होता होता कुळाच्या हाती येणारा वाटा पावसाळ्यापर्यंतही पुरत नसे. मग खावटी जमीनदाराकडूनच उचलायची. एक पोते भात उचलले तर हंगामाला दोन पोती परत, अशीही रीत होती. कर्ज फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या नावावर चढत असे. जमीनदाराच्या वाड्यावर कुळाच्या बायकामुलींनी फुकट राबायचे, हे तर गृहीतच होते.

राजधानी मनिलात १९३० मध्ये पहिला फिलिपिनो कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. त्याचा पुढारी क्रिसांतो एव्हांजेलिस्ता हा छापखाना कामगारांचा नेता होता. दुसऱ्या महायुद्धात जपानने देश घेतला, तेव्हा या पक्षाने आणि शेतकरी संघटनांनी मिळून २९ मार्च १९४२ रोजी एक गनिमी सैन्य उभे केले. त्याचे नाव हुकबलाहाप, लोकांच्या तोंडी नुसते 'हुक'. हुक जपान्यांशी लढले आणि पळून गेलेल्या जमीनदारांच्या जमिनींवर कुळांनी पीक घेतले. युद्ध संपल्यावर जमीनदार परतले आणि थकलेला खंड मागू लागले. १९४६ च्या निवडणुकीत हुक आणि त्यांच्या मित्रपक्षांचे सहा प्रतिनिधी निवडून आले होते, पण त्यांना संसदेत बसूच दिले नाही. अमेरिकन कंपन्यांना फिलिपिनो नागरिकांइतकेच हक्क देणारी घटनादुरुस्ती मंजूर करायची होती आणि हे सहा जण विरोधात मत देणार हे उघड होते. दार असे बंद झाल्यावर हुक पुन्हा रानात गेले. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारने, अमेरिकेच्या पैशाने आणि सल्ल्याने, ते बंड मोडून काढले.

हुकांमध्ये बायका होत्या, आणि नुसत्या स्वयंपाकाला नव्हत्या. पांपांगाची रेमेडिओस गोमेझ ही मुलगी गावच्या जत्रेत सौंदर्याची राणी म्हणून मिरवलेली. जपान्यांनी तिच्या वडिलांना मारले आणि ती हुकांत गेली. 'कुमांडर लिवायवाय' या नावाने तिने तुकडी चालवली. लढाईला निघताना ती केस विंचरून, ओठांना लाली लावून निघे. पुरुष साथींना ते खटकायचे. तिचे उत्तर असे की आपण ज्या गोष्टींसाठी लढतो आहोत त्यात आपण जसे आहोत तसे राहण्याचा हक्कही येतो. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज त्यात आहे.

हुकांच्या पक्षाला बायकांचा प्रश्न दिसत होता, पण कसा दिसत होता ते पाहा. छावणीत विवाहित पुरुष नेते असायचे, त्यांच्या बायका गावाकडे. छावणीतल्या तरुण मुलींशी त्यांचे संबंध जुळायचे. त्यावर पक्षाने १९५० मध्ये एक कागद काढला आणि लैंगिक समस्येवरचा क्रांतिकारक उपाय अशा अर्थाचे नाव त्याला दिले. काही अटी पाळून पुरुषाला रानात दुसरा संसार करता येईल, अशी सोय त्यात होती. जंगलातली बायको असा शब्दच रूढ झाला. गावाकडच्या बायकोलाही तशीच मुभा देण्याची अट कागदावर होती, पण सोय काढली ती पुरुषांसाठीच. सेलिया मारियानो ही बाई तेव्हा पक्षाच्या सर्वोच्च समितीत पोचली होती, तशी ती पहिलीच. तरी बायकांचा प्रश्न पक्षाच्या लेखी पुरुषांच्या अडचणीपुरताच राहिला.

लोरेनाची आई आलिसिया मोरेलोस हीसुद्धा हुक चळवळीतली. म्हणजे लोरेनाच्या घरात हा सगळा इतिहास पुस्तकातून आलेला नव्हता.

विद्यापीठ आणि रस्ता

लोरेनाचा जन्म १८ मार्च १९४८ चा, बागिओ या डोंगरावरच्या शहरातला. घरची स्थिती साधी. शिष्यवृत्तीच्या बळावर ती फिलिपिन्स विद्यापीठात पोचली. मनिलाला लागून असलेल्या दिलिमानच्या आवारात देशभरातली हुशार मुले येत. तिने आधी जीवशास्त्र घेतले, मग ते सोडून मानववंशशास्त्राकडे वळली. पदवीनंतर पुढचे शिक्षण घेता घेता तिथेच शिकवू लागली. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तिच्या कविता आणि लेख येत.

त्या काळी विद्यापीठ पेटलेले होते. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि अमेरिकेचे सर्वात मोठे परदेशी तळ, क्लार्क आणि सुबिक, फिलिपिन्समध्येच होते. अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस १९६९ च्या शेवटी दुसऱ्यांदा निवडून आले, तेही पाण्यासारखा पैसा ओतून. पेसोची किंमत घसरली, महागाई वाढली. २६ जानेवारी १९७० रोजी मार्कोस संसदेत भाषण करून बाहेर पडत असताना विद्यार्थ्यांनी त्यांच्या दिशेने कागदी मगर आणि शवपेटी फेकली. मगर म्हणजे लाचखोर पुढारी, ही खूण तिथे सगळ्यांना कळते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. चार दिवसांनी अध्यक्षीय राजवाड्याजवळच्या मेंडिओला पुलापाशी चार तरुण गोळीबारात मेले. पुढचे दोन-तीन महिने मनिलात एकामागून एक मोर्चे निघत राहिले. फिलिपिन्समध्ये त्या दिवसांना 'पहिल्या तिमाहीचे वादळ' म्हणतात, आणि एका अख्ख्या पिढीचे राजकारण त्या तीन महिन्यांत ठरले.

या वादळामागे एक नवा पक्षही होता. जुना कम्युनिस्ट पक्ष मवाळ आणि मरगळलेला झाला होता. त्यातून बाहेर पडलेल्या होसे मारिया सिसोन या इंग्रजीच्या तरुण प्राध्यापकाने २६ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे माओ त्से-तुंगच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, नवा पक्ष काढला. तीन महिन्यांनी बर्नाबे बुस्कायनो ऊर्फ कुमांडर दांते हा कुळाचा मुलगा आपली जुन्या हुकांची छोटी टोळी घेऊन त्याला मिळाला. त्यातून 'नवी लोकसेना' उभी राहिली. तारीख मुद्दाम २९ मार्च निवडली, हुकांचीच. सुरुवातीला माणसे साठेक आणि बंदुका त्याहून कमी.

सिसोनची मांडणी थोडक्यात अशी: फिलिपिन्स नावाला स्वतंत्र आहे, पण अर्थव्यवस्था आणि संरक्षण अमेरिकेच्या तालावर चालते, म्हणून तो अर्धवसाहत आहे. खेड्यात अजून जमीनदारी आहे, म्हणून तो अर्धसरंजामी आहे. सत्तेवरचे पुढारी सरकारी खाते हे आपल्या कुटुंबाचे दुकान समजतात. या तिघांविरुद्ध खेड्यातून शहराकडे सरकणारे दीर्घ युद्ध लढायचे. मार्गदर्शक माओ. पक्ष बेकायदा होता, १९५७ च्या कायद्याने सभासदत्वच गुन्हा ठरला होता. त्यामुळे विद्यापीठात त्याची उघड शाखा नव्हती. विद्यार्थी संघटना होत्या आणि त्यांच्यामार्फत विचार पसरत होता. त्यांतल्याच एका डाव्या विद्यार्थी संघटनेच्या महिला विभागातून मकिबाका जन्मली.

मकिबाकाची दोन वर्षे

मकिबाका हे लघुरूप. पूर्ण नावाचा अर्थ 'नव्या स्त्रियांची मुक्त चळवळ', आणि मोर्च्यातल्या घोषणेत त्याच शब्दाचा अर्थ 'झगडा' असा होई. हे नाव घेऊन कॉलेजच्या मुली रस्त्यावर आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी नन्सनी चालवलेल्या कॅथलिक कॉलेजांतल्या होत्या. चांगल्या घरच्या मुलीने एकटीने कुठे जायचे नाही, अंधार पडायच्या आत घरी यायचे, बरोबर भाऊ किंवा मावशी हवी, असे वळण लागलेल्या. आता त्या संपकरी कामगारांबरोबर रात्र रात्र गेटावर बसू लागल्या. घराघरांत रणे माजली. पोलिसांच्या लाठीइतकीच आईबापांची परवानगी ही अडचण होती, आणि लोरेनाने तिला क्षुल्लक मानले नाही, हे तिचे वेगळेपण. मुलीच्या पायातली पहिली बेडी घरातच असते आणि ती तोडणे हेही राजकारण आहे, हे तिने ओळखले.

तिचा वैचारिक आधार माओच्या १९२७ च्या एका अहवालात सापडतो. चीनच्या हुनान प्रांतातल्या शेतकऱ्यांबद्दल माओने लिहिले होते की पुरुषाच्या मानेवर तीन सत्ता बसलेल्या असतात: राज्याची, घराण्याची आणि धर्माची. बाईच्या मानेवर या तिन्ही असतातच, वर चौथी, नवऱ्याची. मकिबाकाने हे सूत्र उचलून फिलिपिन्सला लावले. कुळाची बायको जमीनदाराकडून पिळली जाते, सरकारकडून पिळली जाते, चर्च तिला सोसायला शिकवते, आणि घरी आल्यावर नवरा आहेच.

इथून दोन दिशांना भांडण होते. एकीकडे, बायकांचा प्रश्न फक्त पुरुषांशी हिशेब चुकता करण्याचा आहे असे म्हणणाऱ्यांशी. पश्चिमेत तेव्हा स्त्रीमुक्तीची लाट होती आणि तिच्या बातम्या मनिलात पोचत होत्या. लोरेनाचे म्हणणे, कुळाच्या बायकोला नुसती नवऱ्यापासून सुटका देऊन काय उपयोग, नवरा आणि ती दोघेही जमीनदाराच्या दावणीला बांधलेले आहेत. दुसरीकडे, चळवळीतल्याच पुरुषांशी. त्यांचे म्हणणे, आधी क्रांती होऊ दे, बायकांचे नंतर पाहू, वेगळी संघटना काढून फूट कशाला पाडता. याला तिचे उत्तर की चौथी सत्ता पहिल्या तिघींबरोबरच मोडावी लागेल, कारण जिला घराबाहेर पडता येत नाही ती क्रांतीला येणार कशी?

१९७१ मध्ये तिने मुक्त स्त्रीबद्दल लिहिले, त्यातली दोन-तीन वाक्ये फिलिपिन्समध्ये आजही वारंवार उद्धृत होतात. त्यांचा आशय असा की नवी फिलिपिनो स्त्री ही सर्वात आधी लढाऊ आहे, जबाबदारीच्या उन्नत प्रांतात तिने पाऊल ठेवले आहे, इतिहास घडवण्यात ती पूर्ण गुंतली आहे, आणि आता ती लग्नासाठी राखलेली बाई उरलेली नसून कृतीसाठी निघालेली बाई आहे. शब्द भारी आहेत, तेविसाव्या वर्षीचे आहेत. पण हे लिहिणारी त्याच वेळी कामकरी आयांसाठी पाळणाघरे काढायच्या आणि आयांची वेगळी पथके बांधायच्या खटपटीत होती, हे लक्षात ठेवून ते वाचले की त्यांचे वजन कळते. मोर्च्याला बाई यायला हवी तर तिच्या तान्ह्या मुलाला कोणी तरी सांभाळले पाहिजे, ही गोष्ट तोवरच्या क्रांतिकारकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच आली होती.

लोरेनाची आठवण पुष्कळदा हातात बंदूक घेतलेली हुतात्मा म्हणून काढली जाते. माझ्या मते तिचे खरे काम या दोन वर्षांत झाले. बंदूक घेणारे पुष्कळ होते. विद्यार्थिनी, कामगार बायका आणि चळवळीतल्या आया यांना एका संघटनेत आणून पक्षाला 'तुमच्या मांडणीत आम्ही कुठे आहोत' असे विचारणारी तिच्यासारखी दुसरी त्या घडीला नव्हती.

दार बंद होते तेव्हा

२१ ऑगस्ट १९७१ ला मनिलाच्या प्लाझा मिरांडा चौकात विरोधी लिबरल पक्षाची प्रचारसभा चालू होती. व्यासपीठावर हातबॉम्ब पडले. नऊ जण मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले आणि विरोधी पक्षाचे जवळपास सगळे उमेदवार त्यांत सापडले. मार्कोसनी कम्युनिस्टांवर बोट ठेवले, विरोधकांनी मार्कोसवर. बऱ्याच वर्षांनी पक्षातून बाहेर पडलेल्या काही जणांनी सांगितले की हा कट सिसोनचाच होता. सिसोनने ते शेवटपर्यंत नाकारले. कोणी केले याचा निकाल लागलेला नाही, पण फायदा कोणाला झाला हे त्या आठवड्यातच दिसले. मार्कोसनी हेबियस कॉर्पस स्थगित केला, म्हणजे पोलिसांनी कोणालाही उचलावे आणि कोर्टापुढे उभे करायची सक्ती नसावी. विद्रोहाच्या आरोपाखाली विद्यार्थी पुढाऱ्यांची यादी निघाली आणि तीत लोरेनाचे नाव होते. ती भूमिगत झाली.

वर्षभराने, सप्टेंबर १९७२ मध्ये, मार्कोसनी देशभर लष्करी कायदा पुकारला. वर्तमानपत्रे बंद, संसद बंद, मोर्चे बंद. मकिबाकासारख्या संघटना रातोरात बेकायदा झाल्या. त्या राजवटीत सुमारे ७०,००० माणसे तुरुंगात गेली, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२४० मारली गेली, असे आकडे साधारणपणे दिले जातात. एप्रिल १९७३ मध्ये लिलिओसा हिलाओ ही तेवीस वर्षांची, कॉलेजच्या नियतकालिकात लिहिणारी विद्यार्थिनी लष्कराच्या कोठडीत मेली. लष्करी कायद्याखाली कोठडीत गेलेला तो पहिला नोंदलेला बळी. हे सांगायचे कारण असे की, लोरेनाने बंदूक का घेतली हा प्रश्न विचारताना तिच्यापुढे दुसरे काय उरले होते हेही पाहावे लागते. गनिमी युद्धाचे समर्थन करणे वेगळे आणि सभा, लेख, मोर्चा, कोर्ट ही चारही दारे सरकारने स्वतः बंद केली होती हे नोंदवणे वेगळे. दुसरे न सांगता पहिल्याबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

लोरेना नव्या लोकसेनेत गेली. गावात राहायचे, शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवायचे, आजाऱ्यांना औषध द्यायचे, खंड कमी करून घ्यायला कुळांना संघटित करायचे, आणि लष्कर आले की रान गाठायचे, अशी ती जगण्याची रीत. कानात लाल डूल घालायची तिला हौस होती, असे तिच्याबद्दल सांगतात. जिने सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शने केली तिला डूल कसे आवडले, असे विचारणाऱ्याला कुमांडर लिवायवायचे उत्तर पुरेल. विरोध नटण्याला नव्हताच, मापे घेणाऱ्या परीक्षकांना होता.

१९७३ मध्ये बिकोल भागात ती पकडली गेली. आधी एका लष्करी तळावर आणि मग मनिलाजवळच्या फोर्ट बोनिफासिओतल्या राजबंद्यांच्या छावणीत तिला ठेवले. नोव्हेंबर १९७४ मध्ये आणखी तिघांबरोबर ती तिथून निसटली. तिला एक लहान मुलगा होता. बाहेर आल्यावर त्याला घेऊन कुठे तरी लपून राहणे, देश सोडणे, असे मार्ग बहुधा निघाले असते. ती परत रानातच गेली. हे वाचताना मनात जे येते ते मी दडवणार नाही: आई म्हणून हा निर्णय मला जड वाटतो. पण मूल मागे ठेवून रानात गेलेल्या पुरुष क्रांतिकारकांची यादी काढली तर ती संपणार नाही, आणि त्यांच्याबाबत हे जडपण कधी कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

त्या काळातली तिची 'सांपागिता' नावाची छोटी कविता प्रसिद्ध आहे. सांपागिता हे फिलिपिन्सचे राष्ट्रीय फूल, आणि ते म्हणजे आपला मोगराच. सकाळी एक छोटा साथी तिच्या हातात मोगऱ्याची कळी देतो. तिला फेलिक्सची आठवण येते, लढताना गेलेल्या मित्राची. मग ती म्हणते की अशा मृत्यूंनी आमची पाती अधिक धारदार होतात, गोळ्यांचा नेम पक्का होतो. आणि पुन्हा कळीकडे येते, तिच्या उग्र वासाकडे. एकाच कवितेत कळी आणि बंदुकीचा नेम. काहींना हे रुचणार नाही. मला त्यात एका शोक करणाऱ्या मुलीचा आवाज ऐकू येतो, जिला रडायला वेळ नाही.

२४ मार्च १९७६ रोजी, अठ्ठाविसावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले असताना, केसोन प्रांतातल्या माउबान परिसरात लष्कराने तिच्या तुकडीला गाठले. तिच्या मानेला गोळी लागली. ती जिवंत हाती लागली होती आणि सहकार्य करशील तर उपचार करू असे सैनिकांनी तिला सांगितले, पण तिने नाकारले, अशी हकीकत तिच्या चरित्रांत येते. उपचार मिळाले नाहीत. मनिलाजवळच्या केसोन सिटीत हुकूमशाहीविरुद्ध लढलेल्यांचे स्मारक आहे. तिथल्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर तिचे नाव कोरले आहे.

तिच्यानंतर

लोरेना गेली त्याच वर्षी बुस्कायनो पकडला गेला आणि पुढच्या वर्षी सिसोन. तरी पक्ष वाढत गेला, कारण मार्कोसची राजवट त्याला रोज नवी माणसे पुरवत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या लोकसेनेत हजारो लढवय्ये होते.

मग दोन मोठे घाव बसले आणि दोन्ही पक्षाने स्वतःच्या हाताने घातले. फेब्रुवारी १९८६ ची निवडणूक नाटक आहे म्हणून पक्षाने बहिष्कार टाकला. मार्कोसनी मते चोरली, पण लाखो लोक मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उतरले, चार दिवसांत हुकूमशहा देश सोडून पळाला आणि कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. देशाची पहिली स्त्री अध्यक्ष ज्या लाटेवर आली त्या लाटेत हा पक्ष नव्हता. दुसरा घाव त्याहून भयंकर. सरकारचे हेर आपल्यात घुसले आहेत या संशयाने १९८० च्या दशकात पक्षाने दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर आणि नंतर दक्षिण लुझोनमध्ये आपल्याच शेकडो माणसांचा छळ केला आणि त्यांना मारले. पक्षाने पुढे ही चूक असल्याचे मान्य केले, पण मेलेल्यांतले बहुतेक निरपराध होते आणि कित्येकांची हाडे अजून घरच्यांना मिळालेली नाहीत. चळवळीबद्दल आपुलकी बाळगणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाऊ नये. १९९२ मध्ये पक्ष फुटला. १९६९ पासूनच्या या युद्धात ४०,००० हून अधिक माणसे मेली, असा अंदाज सांगितला जातो, आणि त्यांत साधे गावकरी पुष्कळ आहेत.

पण जमिनीचा प्रश्नही अकिनोंच्या काळात सुटला नाही. २२ जानेवारी १९८७ रोजी जमीन मागायला निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यावर त्याच मेंडिओलात गोळीबार झाला आणि तेरा जण मेले. अकिनोंच्या माहेरच्या कोहुआंको घराण्याची ऊसमळ्यांची प्रचंड जमीन तार्लाकमध्ये होती.

आणि बायकांचा प्रश्न? मकिबाका भूमिगत राहिली, पक्षाच्या आघाडीतली एक घटक म्हणून. उघड मैदानात १९८४ मध्ये 'गाब्रिएला' ही मोठी स्त्री-आघाडी उभी राहिली. नवऱ्याच्या खुनानंतर १७६३ मध्ये स्पॅनिशांविरुद्धच्या बंडाची धुरा घेणाऱ्या गाब्रिएला सिलांगचे नाव तिने घेतले. जमीन, मजुरी, अमेरिकन तळांभोवतीचा देहविक्रय, घरातली मारहाण हे सगळे प्रश्न तिने एकत्र हाती घेतले. मकिबाकाने दाखवलेली वाट ती हीच. सगळेच स्त्रीवादी गट तिच्याबरोबर राहिले नाहीत. पक्षाच्या सावलीत स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्रपणे वाढतो का, या मुद्द्यावर तिथे बरेच वाद झाले, आणि काही जणी त्यावरूनच वेगळ्या झाल्या. लोरेना जगली असती तर या वादात कोणत्या बाजूला असती हे सांगता येत नाही, पण गप्प बसली नसती.

पक्षाच्या आतही काही हलले. १९७० च्या दशकात प्रेम, लग्न आणि घटस्फोट यांचे लेखी नियम झाले. एखाद्यावर प्रेम जडले तर आपल्या गटाला सांगायचे, ठरावीक काळ थांबायचे, मग साथींसमोर लग्न. बाहेरून हे चमत्कारिक वाटते, आणि व्यक्तीच्या खासगी आयुष्यात पक्षाने इतके घुसावे का हा रास्त आक्षेप आहे. पण हुकांच्या 'जंगलातल्या बायको'शी तुलना करा. दुसरा संसार आता कोणालाच मान्य नव्हता, पुरुषालाही नाही, आणि बाईला घटस्फोट मागता येत होता. १९९८ मध्ये पक्षाने समलिंगी नात्यांनाही मान्यता दिली आणि २००५ मध्ये मिंदानाओच्या डोंगरात नव्या लोकसेनेच्या दोन पुरुष सैनिकांचे लग्न लागले. देशाच्या कायद्यात मात्र आजही, मुस्लिम नागरिकांचा अपवाद सोडला तर, घटस्फोटाची तरतूद नाही. २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने तसे विधेयक संमत केले, पण त्याचा कायदा झालेला नाही. मारणाऱ्या नवऱ्यापासून सुटायचे तर लग्न मुळातच रद्दबातल होते असे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि त्याला लागणारा पैसा कुळाच्या बायकोकडे नसतो. माओच्या सूत्रातली तिसरी आणि चौथी सत्ता, धर्माची आणि नवऱ्याची, एकत्र आली की काय होते ते या एका गोष्टीत पाहायला मिळते.

पक्षाच्या वरच्या पायऱ्यांवरही बायका पोचल्या. विल्मा तियामझोन ही लोरेनापेक्षा चार वर्षांनी लहान, फिलिपिन्स विद्यापीठातच शिकलेली. ती पक्षाची सरचिटणीस झाली. १९८९ मध्ये ती पकडली गेली आणि त्याच वर्षीच्या नाताळात निसटली. २०१४ मध्ये सेबू बेटावर पुन्हा सापडली, २०१६ च्या शांतता वाटाघाटींसाठी जामिनावर सुटली, त्या फिसकटल्यावर परत भूमिगत झाली. तिचा नवरा बेनिटो पक्षाचा अध्यक्ष. एप्रिल २०२३ मध्ये पक्षाने जाहीर केले की दोघांना आदल्या ऑगस्टमध्ये समार बेटावर पकडून, हाल करून मारण्यात आले. लष्कराने सांगितले होते की चकमकीत त्यांची होडी समुद्रात स्फोट होऊन उडाली. तेव्हा विल्मा सत्तरीच्या आसपासची होती. ज्या कुळांच्या नावाने हे युद्ध सुरू झाले त्यांची नातवंडे आज तार्लाकमध्ये, पांपांगात अजून जमिनीच्या कागदांसाठी खेटे घालत आहेत, आणि त्यांच्या मोर्च्यांत बायका पुढे असतात.